'आता आराम करा' म्हणणाऱ्या सर्व सुपुत्रांस

आपल्या पिढीने आईबापांवर केलेला सगळ्यात सभ्य अन्याय कोणता, असं मला कोणी विचारलं तर मी सांगेन: "बाबा, आता आराम करा" हे वाक्य.

बोलायला किती गोड! फोनवर म्हणून टाकलं की आपल्यालाच बरं वाटतं. हिंजवडीतल्या कुठल्याही कँटीनमध्ये दुपारी दीड वाजता उभे राहा, हेच ऐकू येईल. "अरे, आमचे बाबा ऐकतच नाहीत. या वयात कुदळ घेऊन उन्हात उभे! भाजी काय विकत मिळत नाही का?" मग समोरचा मान हलवतो, "सेम हिअर यार" म्हणतो, आणि उपाययोजना सुरू होते. उपाय ठरलेले तीन. गडी ठेवा. अंगणात पेव्हर ब्लॉक घाला. आणि दोन्ही जमत नसेल तर म्हाताऱ्यांना उचलून पुण्याला आणा.

आजचा विकांत मी या तीन उपायांशी भांडण्यात घालवणार आहे. ज्यांचे आईबाबा गावी निवृत्तीनंतर बागेत रमले आहेत आणि ज्यांना त्याची काळजी (किंवा लाज) वाटते, त्यांनी वाचलंच पाहिजे. बाकीच्यांनी वाचलं तरी चालेल. एक दिवस सगळेच निवृत्त होणार आहेत!

मी रत्नागिरीचा. घर नाचण्याच्या बाजूला, भोवती जेमतेम तीन गुंठे जागा, त्यातली निम्मी कातळ. बाबा सरकारी नोकरीतून ५८ व्या वर्षी निवृत्त झाले. त्याआधी त्यांनी बागेत काही केल्याचं मला आठवत नाही. निवृत्तीनंतर तिसऱ्या महिन्यात त्यांनी पहार विकत आणली. त्यानंतर आमच्या घरात काय काय झालं ते सांगतोच, पण त्याआधी एका वेगळ्याच माणसाची गोष्ट.

रत्नागिरीत 'संपूर्ण आराम' या योजनेचा एक जुना लाभार्थी होऊन गेला. ब्रह्मदेशचा राजा थिबा. १८८५ साली इंग्रजांनी त्याचं राज्य घेतलं आणि १८८६ मध्ये त्याला रत्नागिरीत आणून ठेवलं. तेव्हा तो २७ वर्षांचा होता, म्हणजे साधारण आपल्याच वयाचा. त्याला राहायला घर मिळालं, नोकरचाकर मिळाले, सरकारकडून पेन्शन मिळालं. पुढे १९१० च्या सुमारास टेकडीवर समुद्र दिसेल असा मोठा राजवाडाही बांधून मिळाला. आज आपण पाहुण्यांना दाखवायला नेतो तोच थिबा पॅलेस. १९१६ मध्ये तो तिथेच वारला. तीस वर्षं! बंगला, पेन्शन, समुद्राचा व्ह्यू, आणि करण्यासारखं एकही काम नाही. इंग्रज त्याला शिक्षा म्हणत होते. आपण नेमकं तेच पॅकेज आईबाबांना देतो आणि त्याला प्रेम म्हणतो.

तर आता पहारीकडे वळू.

रत्नागिरीत बाग करणं म्हणजे काय हे देशावरच्या लोकांना समजावून सांगावं लागतं. इथे वर्षाला ३००० मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडतो, आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. माती पातळ, खाली जांभा. पाऊस थांबला की कातळ पाणी धरत नाही, आणि मे महिन्यात विहिरीचा तळ दिसायला लागतो. म्हणजे चार महिने झाड कुजू नये म्हणून धडपड, आणि उरलेले आठ महिने ते वाळू नये म्हणून. नारळ लावायचा तर एक मीटर लांब, रुंद आणि खोल खड्डा हवा, असं पुस्तकात एका ओळीत लिहिलेलं असतं. जांभ्यात ती एक ओळ बाबांना सव्वा महिना पुरली. रोज सकाळी सहा ते आठ. आठ वाजता आई चहा घेऊन जायची आणि खड्ड्यात डोकावून "पाणी लागलं का?" असं खवचटपणे विचारायची.

खड्डा झाला. भाट्याच्या नारळ संशोधन केंद्रातून बाणवलीचं रोप आलं. बाणवली जातीचा नारळ धरायला सहा ते सात वर्षं लागतात. ५८ अधिक सात किती ते तुम्हीच करा. ही बेरीज बाबांनीही केलेली होती, ते हिशेबातच आयुष्यभर होते! ठेंगू जात तीन-चार वर्षांत धरते हेही त्यांना माहीत होतं. तरी बाणवलीच लावली. का, तर ती साठ-सत्तर वर्षं फळ देते. आपल्याकडे दोन आठवड्यांच्या स्प्रिंटनंतर काही दिसलं नाही तर मॅनेजर अस्वस्थ होतो. या माणसाने आयुष्याच्या उत्तरार्धात सात वर्षांचा फीडबॅक लूप हसत हसत स्वीकारला. याला 'टाइमपास' म्हणणारे लोक मला फार थोर वाटतात.

आता पहिला आक्षेप. "करू देत की बाग, पण अंगमेहनत कशाला? गडी ठेवा, यांनी खुर्चीत बसून बघावं."

या आक्षेपामागे एक समज आहे: बागेचा आनंद म्हणजे हिरवळ बघण्याचा आनंद. साफ चूक. हिरवळ बघायची तर रत्नागिरीत जुलै महिन्यात घराची मागची भिंतसुद्धा हिरवी असते. बागेतला आनंद गोष्टी बिघडण्यात आणि त्या का बिघडल्या हे शोधण्यात आहे. प्रोग्रामरला तरी हे वेगळं सांगायची गरज पडू नये!

पहिल्या पावसाळ्यात लाल भोपळ्याच्या वेलाला ढीगभर फुलं आली आणि भोपळा एकही नाही. आठवड्याभराने बाबांना कळलं की भोपळ्याची नर फुलं वेगळी आणि मादी फुलं वेगळी असतात. मादी फुलाखाली इवलासा भोपळा आधीपासूनच असतो, नराखाली नुसता देठ. एरवी मधमाश्या परागकण नेतात, पण भर पावसात मधमाशी फिरकत नाही. आणि फूल पहाटे उमलतं ते ऊन चढेपर्यंत मिटतं. मग हे गृहस्थ सकाळी साडेसहाला छत्री घेऊन बाहेर. नर फूल तोडायचं, पाकळ्या काढायच्या, आणि मधला दांडा मादी फुलाला हलकेच लावायचा. त्यानंतर दुधी भोपळा लावला तर त्याची फुलं संध्याकाळी उमलतात असं निघालं. झाली दुसरी शिफ्ट सुरू! त्या वर्षी आमच्याकडे अकरा भोपळे झाले. भोपळ्याच्या भाजीचं नाव काढलं तर आई अजून रागावते.

दुसऱ्या वर्षी कारली. कारल्याला फळमाशी डंख मारते, आत अंडी घालते आणि फळ पिवळं पडून सडतं. बाबांनी सापळा लावला. सापळ्यात रोज माश्या पडायच्या, बाटली भरायची, आणि कारली तरीही सडायची. सापळा उत्तम चालतोय आणि नुकसान तसंच! महिनाभर डोकं खाजवल्यावर उलगडा झाला. हा सापळा आंब्याच्या फळमाशीचा होता. त्यातलं मिथाइल युजेनॉल आंब्याच्या माशीच्या नरांना ओढतं. वेलभाज्यांची माशी वेगळी, तिला क्यू ल्युअर लागतं. म्हणजे अलार्म बरोबर वाजत होता, पण दुसऱ्याच सर्व्हरचा. हे सांगताना साठीच्या माणसाचा चेहरा तुम्ही बघायला हवा होता. नोकरीत प्रमोशन मिळालं तेव्हा मी तो चेहरा पाहिलेला नाही.

आणि सुरण! सुरण लावून विसरून गेले होते. तीन-चार वर्षांनी मे महिन्याच्या शेवटी घरात असह्य घाण वास. उंदीर मेला असणार म्हणून माळा उपसला, कपाटं सरकवली, काही नाही. दोन दिवसांनी परसात गेले तर जमिनीतून जांभळट, मांसल, कोबीएवढं काहीतरी वर आलेलं आणि त्यावर माश्या घोंगावतायत. ते सुरणाचं फूल होतं. सडक्या मांसाचा वास सोडून ते माश्यांना बोलावतं. त्या दिवशी बाबांनी मला हापिसच्या वेळेत तीन फोन केले. मी मीटिंगमध्ये होतो. कोणीतरी गेलं की काय, असं वाटून बाहेर येऊन फोन उचलला, तर पलीकडून ओरडून, "अरे, सुरणाला फूल आलंय!"

आता मला सांगा, हे सगळं गड्याने केलं असतं तर बाबांच्या वाट्याला काय आलं असतं? अकरा भोपळे. बस्स. विकत घेतले तर याहून स्वस्त पडतात.

हा नुसता माझ्या घरचा अनुभव नाही. अमेरिकेत एलन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. कनेटिकटमधल्या एका वृद्धाश्रमात त्यांनी ६५ ते ९० वयाच्या रहिवाशांचे दोन गट केले. एका गटाला सांगितलं की इथल्या तुमच्या आयुष्याची जबाबदारी तुमची, आणि त्यांना एकेक रोप दिलं: हवं ते निवडा आणि तुम्हीच सांभाळा. दुसऱ्या गटालाही रोपं दिली, पण सांगितलं की पाणी नर्स घालेल, तुमची काळजी घ्यायला आम्ही आहोत. रोप दोघांकडेही होतं. तीन आठवड्यांनी पहिला गट जास्त आनंदी, जास्त हालचाल करणारा आणि जास्त सावध आढळला. दीड वर्षाने पुन्हा पाहिलं तेव्हा पहिल्या गटातले १५ टक्के लोक वारले होते, दुसऱ्यातले ३० टक्के. प्रामाणिकपणे हेही सांगतो की गट लहान होते, रोपाशिवाय इतरही काही निर्णय पहिल्या गटाला दिले होते, आणि मृत्यूच्या आकड्यांच्या विश्लेषणात संशोधकांना पुढे दुरुस्ती द्यावी लागली. त्यामुळे 'झाड लावा, अमर व्हा' असं मी म्हणणार नाही. पण दोन्ही गटांतला फरक काय होता ते बघा. "पाणी कोण घालणार?" एवढाच प्रश्न, आणि 'आराम करा' म्हणणारे आपण नेहमी दुसऱ्या गटाच्या बाजूने उत्तर देतो.

माझा एक मित्र आहे, बंगळुरात असतो. हुशार पोरगा, प्रेमळही. वडिलांना रोज पाणी घालायला लागू नये म्हणून त्याने गावच्या बागेत ठिबक बसवून घेतलं, टायमर लावला, आणि कंट्रोल स्वतःच्या मोबाइलवर ठेवला. बंगळुरात बसून तो रत्नागिरीच्या जास्वंदीला पाणी घालतो. पठ्ठ्याने ऑफिसात डेमोपण दिला! आता त्याचे वडील सकाळी बागेत जातात तेव्हा पाणी आधीच घालून झालेलं असतं. ते थोडा वेळ उभे राहतात आणि पेपर वाचायला परत येतात. ठिबकाशी माझं वैर नाही. त्याच्या वडिलांनी स्वतः नळ्या आणून, चुकवून, गळवून, पुन्हा जोडून ते बसवलं असतं तर मीच टाळ्या वाजवल्या असत्या. पण इथे पोराने बापाचं काम ऑटोमेट केलं. आपल्या कंपनीत आपलं काम कोणी असं ऑटोमेट केलं तर आपल्याला कसं वाटेल, हे आजकाल कोणाला समजावून सांगायला नको.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो मी हसण्यावारी नेणार नाही. सुरक्षितता. आमच्याकडे फुरसं आहे. इंग्रजांच्या काळात रत्नागिरी जिल्ह्यात फुरशी मारण्यासाठी सरकार बक्षीस देत असे, एवढी ती होती. दगडाखाली लाल विंचू असतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी १९८० च्या दशकात प्राझोसिन वापरून विंचूदंशाचे रोगी वाचवून दाखवले, त्याआधी कोकणात या विंचवाने माणसं सर्रास दगावायची. पावसाळ्यात पायाला जखम असेल आणि चिखलात उंदराचं मूत्र मिसळलेलं असेल तर लेप्टो होतो. शेवाळावर घसरून खुबा मोडला तर सत्तरीत तो सहज भरत नाही. हे सगळं खरं आहे.

पण म्हणून आपण काय करतो? बंदी घालतो! प्रॉडक्शनमध्ये बग सापडला म्हणून कोणी सर्व्हर बंद करून घरी जात नाही. फुरशासाठी गमबूट आणि टॉर्च. दगड उचलायला हातमोजे आणि आधी पहारीने उलटायची सवय. पायाला चीर असेल तर चिखलात जायचं नाही. परसात उतरायच्या पायऱ्या रुंद करून एका बाजूला कठडा. अंधार पडल्यावर पाचोळ्यात हात घालायचा नाही. फोन खिशात, घरात नाही. या सगळ्याचा खर्च पेव्हर ब्लॉकच्या कोटेशनच्या पासंगालाही लागणार नाही. आणि गंमत म्हणजे पावसात शेवाळलेल्या पेव्हर ब्लॉकवरच माणसं जास्त पटापट घसरतात. अंगण 'क्लीन' दिसतं खरं. त्याखाली पाणी मुरत नाही, ते वाहून शेजाऱ्याकडे जातं, आणि मे महिन्यात विहीर आठवते.

तिसरा उपाय, पुण्याला आणणं. यावर फार बोलत नाही, कारण कधी कधी खरोखरच इलाज नसतो. आजारपण असतं, एकटेपण असतं. पण इलाज असताना आणलं जातं तेव्हा काय होतं? बाराव्या मजल्यावर बाल्कनी सहा बाय तीन. कुंड्या ठेवल्या तर खालच्या घरात पाणी गळतं म्हणून सोसायटीची नोटीस. ग्रिलला कुंडी अडकवायला बंदी. ज्या माणसाने कातळात मीटरभर खड्डा खणला त्याला आपण वाढदिवसाला प्लॅस्टिकच्या कुंडीतलं मनी प्लांट देतो आणि म्हणतो, "बाबा, तुमची बाग!" तिकडे गावचं घर बिल्डरला दिलं जातं. बाणवली नेमकी धरायला लागलेली असते तेव्हा जेसीबी येतो.

आता एक गोष्ट माझ्याच बाजूच्या लोकांना ऐकवायची आहे. निवृत्त बाबांच्या बागेचं कौतुक करणाऱ्यांना.

आपण 'छंद' म्हणतो, 'हॉबी' म्हणतो. आमच्या घरी बाग बाबांच्या निवृत्तीनंतर सुरू झाली असं मीही वर लिहून गेलो, पण ते वाक्य आईने वाचलं तर हसेल. न्हाणीच्या मागे सांडपाण्यावर अळू होतं, केळ होती. कढीलिंब, गवती चहा, हळद, ओवा, दारात अबोली आणि तगर. नागपंचमीला पातोळ्यांसाठी हळदीची पानं मागायला अर्धी आळी आमच्याकडे यायची. हे सगळं आई करत होती, तिच्या आधी आजी करत होती, स्वयंपाक, पाणी आणि पोरं सांभाळून. त्याला कोणी छंद म्हटलं नाही, फोटो काढले नाहीत. कोकणात घरोघरी असंच आहे. परसबागेला 'हॉबी' हा शब्द तेव्हा चिकटतो जेव्हा घरातला पुरुष निवृत्त होऊन तिथे पोचतो! आणि हेही बघा, बाबांना निवृत्तीची तारीख तरी होती, ऑर्डर होती, निरोप समारंभ होता. आई अजून निवृत्त झालेलीच नाही.

म्हणून आईला खरोखर आराम द्यायचा असेल तर तो स्वयंपाकघरातून द्या. तिच्या अळूला हात लावू नका. बाबांना भोपळ्याची नर-मादी फुलं आठवड्याभराने कळली. आईला ती लग्नाच्या आधीपासून माहीत होती. "मग सांगितलं का नाहीस?" असं बाबांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही विचारलंत कुठे?" हल्ली ते विचारतात. दोघांचं सगळ्यात जास्त बोलणं, आणि सगळ्यात जास्त भांडण, आता परसात होतं. माझ्या मते बागेचं हे सगळ्यात मोठं पीक आहे.

चौथा आक्षेप पैशाचा. "हिशेब केला तर परवडत नाही." बरोबर, नाही परवडत. शेणखत, मातीचा डंपर, पाणी आणि मजुरी धरली तर आमचं कारलं सोन्याच्या भावाचं आहे. त्यात वानरं येतात आणि कोवळी फळं ओरबाडून जातात. पावसात गोगलगायी रात्रीतून सगळी रोपं फस्त करतात. बाबा ओलं गोणपाट पसरतात, सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी वेचून मिठाच्या पाण्यात टाकतात आणि आकडा कॅलेंडरवर लिहितात. हिशेबातला माणूस! पण परवडण्याचा हा प्रश्न आपण आपल्या बाईकला, ट्रेकिंगच्या बुटांना आणि तीनशे रुपयांच्या कॉफीला का विचारत नाही? आपल्या छंदाला बजेट, आणि त्यांच्या छंदाला ऑडिट!

शिवाय या आकड्यांत न येणारी एक गोष्ट आहे. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोलकर गणिताचे प्राध्यापक होते. 'प्रयोग परिवार' नावाने त्यांनी शेकडो सामान्य शेतकऱ्यांना आणि घरगुती बागवाल्यांना प्रयोग करायला, मोजायला आणि एकमेकांना सांगायला लावलं. त्यांचं म्हणणं साधं होतं: विज्ञान प्रयोगशाळेतल्या लोकांचीच मालमत्ता नाही, आपल्या परसात निरीक्षण करून नोंद ठेवणारा माणूसही तेच करतो. आमच्या कॅलेंडरवरचा गोगलगायींचा आकडा मला म्हणूनच आवडतो. इंजिनीअरिंगची चार वर्षं मी जे शिकलो असं मानतो, ते बाबा साठीनंतर भिंतीवरच्या कॅलेंडरवर करतायत. आमच्या जर्नलमधली बरीच रीडिंग्ज कॉपी केलेली असायची. त्यांची खरी आहेत.

गेल्या तीन पावसाळ्यांत ते कोय कलम शिकले. आंब्याची कोय रुजवायची, कोवळा तांबूस कोंब दहा-पंधरा दिवसांचा झाला की तो कापून त्यात हापूसची काडी पाचरीसारखी बसवायची, आणि प्लॅस्टिकची पट्टी घट्ट गुंडाळायची. पहिल्या वर्षी वीसपैकी सतरा मेली. दुसऱ्या वर्षी अकरा मेली. गेल्या वर्षी चार. जगलेली कलमं ते लोकांना वाटतात, कारण आमच्या तीन गुंठ्यांत आता जागाच नाही. कलम धरायला आणखी पाच वर्षं. ती कलमं कोणाच्या दारात लावली आहेत याची यादी त्यांच्याकडे आहे आणि ते अधूनमधून चक्कर मारून बघून येतात. २०२० मध्ये निसर्ग वादळाने दापोली-मंडणगडकडच्या नारळी-पोफळीच्या वाड्या झोपवल्या, २०२१ मध्ये तौक्तेने आमच्या किनाऱ्याला झोडपलं. तेव्हा ज्यांचं उभं आयुष्य आडवं झालं त्यातले कित्येक जण साठीच्या पुढचे होते, आणि त्यांनी पुन्हा रोपं लावली. नारळाला सात वर्षं, पोफळीला पाच-सहा. या लोकांना आपण कुठल्या तोंडाने सांगणार, की आता तुमचं वय झालं?

तर सुपुत्रांनो (आणि सुकन्यांनो, तुम्हीही काही कमी नाही), माझ्या मागण्या अशा.

पेव्हर ब्लॉकचं कोटेशन फाडून टाका. बागेच्या नावाने काही पाठवायचंच असेल तर गमबूट, चांगली कात्री आणि हलकी कुदळ पाठवा. गावी गेलात की जे त्यांना आता खरोखर झेपत नाही तेवढंच करा: खड्डा खणा, माती वाहा, पाण्याची टाकी साफ करा. पाणी घालणं, छाटणं, काय कुठे लावायचं हे ठरवणं, यात नाक खुपसू नका. त्यांची एखादी गोष्ट चुकताना दिसली तरी इंटरनेटवरून उत्तर शोधून तोंडावर फेकू नका. ते शोधतायत, शोधू द्या. घराचा सौदा करायची वेळ आलीच, तर कागदावर सही करण्याआधी परसात जाऊन मोजा की किती झाडं अजून फळावर यायची आहेत.

आणि फोनवर 'तब्येत कशी आहे, गोळ्या घेतल्या का, आराम करा' ही प्रश्नपत्रिका बदला. "या वर्षी काय लावलंय?" असं विचारा आणि उत्तर संपेपर्यंत फोन ठेवू नका. वीस मिनिटं लागतील. लागू देत.

असो. बराच तावातावाने लिहिलंय, पण त्यातलं एक अक्षरही मागे घेणार नाही. बाणवलीला गेल्या महिन्यात पहिली पोय आली आहे. तिच्यातून काय होतं ते पुढच्या एखाद्या विकांताला.